स्टार्टअप म्हणजे नक्की काय हो, भाऊजी?

गेल्या संक्रांतीच्या कार्यक्रमातली गोष्ट. हॉलच्या एका कोपऱ्यात तिळगूळ वाटप चालले होते, दुसऱ्या कोपऱ्यात मुलांच्या नाटुकल्याची शेवटची तालीम, आणि मी चहाच्या थर्मासपाशी उभा होतो. टॅक्सचा मोसम जवळ आला की माझ्याभोवती गर्दी जरा वाढते, हे आता सवयीचे झाले आहे. पण या वेळी एका वहिनींनी विचारलेला प्रश्न नेहमीचा नव्हता.

“भाऊजी, आमचा धाकटा मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून स्टार्टअपमध्ये चाललाय. पगार कमी, पण शेअर्स देणार म्हणतात. आणि ह्यांचे एक मित्र आहेत, त्यांनीही स्टार्टअप काढलंय म्हणे. ते पंचवीस हजार डॉलर मागताहेत. एकाच आठवड्यात दोन-दोन स्टार्टअप घरात शिरली! हे स्टार्टअप म्हणजे नक्की काय हो?”

मी विचारले, “मित्र काय काढताहेत?”

“डबे. टिफिन सर्व्हिस. जम बसला की दुकान टाकायचं म्हणतात.”

“आणि चिरंजीव?”

“हॉस्पिटलांसाठी काहीतरी सॉफ्टवेअर. अजून कुणी विकत घेतलेलं नाही वाटतं.”

वहिनींच्या लक्षात आले नव्हते, पण प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांनीच दिले होते. शब्द एकच, पण गोष्टी दोन. पहिल्या गोष्टीत विचारायचे प्रश्न वेगळे, दुसऱ्या गोष्टीत वेगळे. शब्द एक आहे म्हणून दोन्हीकडे एकाच मापाने पैसे टाकले किंवा एकाच कारणाने घाबरून नकार दिला, तर नुकसान आपले. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत हा शब्द आता जेवणाच्या टेबलावर येऊन बसला आहे, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

शब्द आला कुठून?

इंग्रजीत हा शब्द तसा जुना आहे. शेक्सपिअरच्या ‘मच अॅडो अबाउट नथिंग’ या नाटकात तो येतो, पण तिथे त्याचा अर्थ कालपरवा वर आलेला, मान नसताना मिरवणारा माणूस असा आहे. नव्या कंपनीसाठी तो शब्द अमेरिकन व्यापारी नियतकालिकांतून रुळला तो १९७०च्या दशकात, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाच्या छोट्या कंपन्यांना धाडसी भांडवल मिळू लागले त्या सुमारास. १९३९ साली पालो अल्टोच्या एका गॅरेजमध्ये ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी कंपनी काढली, तिला आज सगळे आद्य स्टार्टअप म्हणतात. त्या काळी मात्र तिला कोणी तसे म्हणत नव्हते.

आपल्या भारतीय घरांत हा शब्द खऱ्या अर्थाने शिरला तो १९९६-९७ मध्ये. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी १९९६ च्या ४ जुलैला हॉटमेल सुरू केले आणि १९९७ च्या अखेरीस ते मायक्रोसॉफ्टला विकले. त्यानंतर प्रत्येक पॉटलकमध्ये कोणी ना कोणी “आपणही काहीतरी काढायला हवं” असे म्हणू लागला. २००० सालच्या मार्चनंतर बाजार कोसळला आणि त्यातले बरेच जण गुपचूप जुन्या नोकरीवर परतले, तेही आपण पाहिले. शब्द मात्र राहिला, आणि पसरत पसरत डब्यांपर्यंत आला.

मराठीत याला ‘नवउद्योग’ किंवा ‘नवउद्यम’ म्हणतात. सरकारी कागदांवर आणि वर्तमानपत्रांत हे शब्द दिसतात. पण घरात ‘नवउद्योग’ म्हटले की गंमत होते, कारण आपल्या भाषेत ‘उद्योग’ शब्दाला आधीच दुसरी बाजू आहे. आजी “काय उद्योग करून ठेवलास रे?” असे विचारायची, तेव्हा ती भांडवलाची चौकशी करत नसे! लिंगाबद्दलही एकमत नाही. मनात ‘कंपनी’ असेल तर आपण “स्टार्टअप काढली” म्हणतो, ‘उद्योग’ असेल तर “काढला”, आणि काहीच ठरलेले नसेल तर वहिनींसारखे “काढलं”. तिन्ही चालते. “स्टार्टअप सुरू केलं” हे मात्र पिवळा पीतांबर झाले, पण तेही आता इतके रुळले आहे की चूक काढणाऱ्यालाच लोक हसतील.

एक शब्द, चार घरे

या शब्दाची सध्या निदान चार घरे आहेत. समोरचा माणूस कोणत्या घरातून बोलतो आहे, हे आधी ओळखावे.

पहिले घर रोजच्या बोलण्याचे. इथे कोणताही नवा धंदा म्हणजे स्टार्टअप. किराणा दुकान, डान्स क्लास, डबे, घरे रंगवण्याचे काम, सगळे त्यात आले. यात काही चूक नाही. फक्त ऐकणाऱ्याने लक्षात ठेवावे की इथे त्या शब्दाचा अर्थ ‘नवा’ एवढाच आहे.

दुसरे घर सिलिकॉन व्हॅलीचे. इथे अर्थ बराच अरुंद आहे. स्टीव्ह ब्लँक या उद्योजक-प्राध्यापकांच्या मते स्टार्टअप म्हणजे तात्पुरती संस्था. कमाईचा असा मार्ग, जो पुन्हा पुन्हा वापरता येईल आणि मोठा करता येईल, तो तिला अजून सापडलेला नसतो. तो शोधणे हेच तिचे काम. पॉल ग्रॅहम यांनी २०१२ मध्ये मांडलेला मुद्दा याच जातीचा: झपाट्याने वाढण्यासाठी बांधलेली कंपनी ती स्टार्टअप, आणि नुसती नवी असणे पुरेसे नाही. म्हणजे या घरात डब्यांचा धंदा स्टार्टअप ठरत नाही. पोळीभाजी विकून पैसे कसे मिळतात हे जगाला माहीत आहे. प्रश्न एवढाच की तुम्हाला ते जमेल का. उलट हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवाल्यांना कोण विकत घेईल, किती देईल, हेच अजून कळायचे आहे.

आपल्या मातीतले उदाहरण घ्यायचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे घ्या. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. तो धंदा होता. सायकल म्हणजे काय आणि ती का घ्यायची हे गिऱ्हाइकाला पटवावे लागत नव्हते. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा मात्र लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. गिऱ्हाईकच नाही अशा वस्तूसाठी गिऱ्हाईक शोधणे, हे आजच्या भाषेत स्टार्टअप. नांगर चालला, आणि १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. माणूस एकच, पण दुकान आणि नांगर यांतली जोखीम वेगळ्या जातीची होती.

तिसरे घर अमेरिकन आयकराचे, म्हणजे माझे! इथे हा शब्द कंपनीला लागत नाही, खर्चाला लागतो. धंद्याचे दार उघडण्याआधी केलेला खर्च, म्हणजे बाजाराची पाहणी, जाहिरात, नोकरांचे शिक्षण, हा ‘स्टार्ट-अप खर्च’. आयकराच्या कलम १९५ प्रमाणे धंदा सुरू झाला त्या वर्षी यातले ५,००० डॉलरपर्यंत वजा करता येतात. एकूण खर्च ५०,००० च्या वर गेला की ही सवलत तेवढ्याच रकमेने कमी होत जाते. उरलेला खर्च १८० महिन्यांत, म्हणजे १५ वर्षांत, थोडा थोडा वजा होतो. या घरात सॉफ्टवेअर आणि डबे यांत भेदभाव नाही. म्हणून पावत्या पहिल्या दिवसापासून जपा, अगदी दुकानाला नाव ठरायच्या आधीपासून.

चौथे घर भारत सरकारचे. १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू झाली आणि या शब्दाला तिथे कायदेशीर व्याख्या मिळाली. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे नोंदणी होऊन १० वर्षे न झालेली, कोणत्याही वर्षी १०० कोटी रुपयांच्या वर उलाढाल न गेलेली, काही नवे करणारी किंवा वाढीची आणि रोजगाराची मोठी शक्यता असलेली खासगी कंपनी, भागीदारी किंवा एलएलपी, ती स्टार्टअप. चालू धंद्याचे दोन तुकडे करून एकाला हे नाव देता येत नाही. अशा मर्यादा सरकार वेळोवेळी बदलते, तेव्हा पुण्याचा भाचा “आमची मान्यताप्राप्त स्टार्टअप आहे” म्हणाला तर प्रमाणपत्र आणि त्या वेळची अट दोन्ही पाहावीत. मान्यता मिळाली म्हणजे धंदा चालेल, अशी हमी सरकारने दिलेली नसते.

मुलगा स्टार्टअपमध्ये चालला असेल तर

आता वहिनींचा पहिला प्रश्न. हा दुसऱ्या घरातला आहे. इथे पगारापेक्षा ‘शेअर्स’ हा शब्द जास्त तपासून घ्यायला हवा.

बहुतेक वेळा जे देतात ते शेअर नसतात, ऑप्शन असतात. म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे शेअर विकत घेण्याचा हक्क. तो हक्कही एकदम मिळत नाही. नेहमीची पद्धत चार वर्षांची असते. पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही, मग एक चतुर्थांश, आणि पुढे महिन्यामहिन्याने थोडा थोडा. अकराव्या महिन्यात नोकरी गेली तर हातात शून्य.

“दहा हजार शेअर्स देताहेत” हे वाक्य अर्धे आहे. कितीपैकी दहा हजार? कंपनीचे एकूण शेअर एक कोटी असतील तर ही मालकी एक हजारांश, म्हणजे ०.१ टक्का. पुढे नवे गुंतवणूकदार आले की नवे शेअर निघतात आणि हा वाटा आणखी पातळ होतो.

दुसरी गोष्ट रांगेची. कंपनी विकली गेली की पैसे वाटताना मोठे गुंतवणूकदार आधी उभे असतात. समजा त्यांनी तीन कोटी डॉलर घातले आहेत आणि ते आधी परत मिळण्याचा करार आहे. कंपनी अडीच कोटीला विकली गेली, तर वर्तमानपत्रात “अडीच कोटींना विक्री” अशी बातमी येईल, पेढेही वाटले जातील, पण नोकरांच्या शेअर्सना एक पैसाही मिळणार नाही.

तिसरी गोष्ट कराची, आणि माझ्याकडे रडत येणारी माणसे बहुधा याच गोष्टीची असतात. समजा ऑप्शनची किंमत शेअरला १ डॉलर, आणि आज कंपनीचे मूल्यांकन शेअरला ६ डॉलर. मुलाने १०,००० डॉलर भरून १०,००० शेअर घेतले. ऑप्शन ‘आयएसओ’ प्रकारचे असतील आणि शेअर त्याच वर्षी विकले नाहीत, तर मधला ५०,००० डॉलरचा फरक पर्यायी किमान कराच्या, म्हणजे एएमटीच्या हिशेबात धरला जातो. हातात एक डॉलर आलेला नाही, शेअर बाजारात विकताही येत नाहीत, आणि कर मात्र भरावा लागू शकतो. ऑप्शन साधे म्हणजे ‘एनएसओ’ असतील तर तोच फरक पगारासारखा धरतात. शेअर आधी देऊन ते हळूहळू पक्के होणार असतील, तर कलम ८३(बी)चा अर्ज ३० दिवसांत पाठवायचा असतो. एकतिसाव्या दिवशी कोणाचीही ओळख चालत नाही.

चौथी गोष्ट, नोकरी सुटल्यावर पक्के झालेले ऑप्शन विकत घ्यायला बहुतेक कंपन्या फक्त ९० दिवस देतात. पैसे नसतील तर तीन वर्षांची मेहनत तिथेच विरते. ही मुदत किती, हे रुजू होण्याआधी विचारावे.

आरोग्य विम्याचे काय?

पाल्य स्टार्टअपमध्ये चालला की आपण शेअर्सची चर्चा करतो आणि विमा विसरतो. ज्या कंपनीत पूर्णवेळ नोकर ५० पेक्षा कमी आहेत, तिच्यावर आरोग्य विमा देण्याची सक्ती केंद्रीय कायद्यात नाही. बऱ्याच देतात, पण हप्त्यातला किती वाटा कंपनी भरते आणि बायकामुलांचा भरते का, हे लेखी पाहावे.

कंपनी बंद पडली तर? नोकरी गेल्यावर आपण ‘कोब्रा’खाली जुना विमा सहसा १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवतो, पूर्ण हप्ता आणि वर २ टक्क्यांपर्यंत खर्च स्वतः भरून. पण केंद्रीय कोब्रा २० किंवा अधिक नोकर असलेल्या कंपन्यांनाच लागू आहे. त्याहून लहान कंपन्यांसाठी पुष्कळ राज्यांचे स्वतःचे नियम आहेत. आणि मुख्य म्हणजे कंपनीच संपली आणि तिने विमा योजनाही बंद केली, तर चालू ठेवायला काही उरतच नाही. अशा वेळी सरकारी मार्केटप्लेसमधून विमा घ्यायला, आधीचा विमा संपल्यापासून ६० दिवस मिळतात. ही तारीख फ्रिजवर चिकटवून ठेवावी. मुलगा किंवा मुलगी २६ वर्षांखालची असेल आणि आईवडिलांच्या विम्यात मुलांची सोय असेल, तर ती त्यात राहू शकतात. घरात मधुमेहाचे, बाळंतपणाचे किंवा चालू उपचाराचे कोणी असेल, तर हा परिच्छेद शेअर्सच्या परिच्छेदाआधी वाचावा.

एच-१बी व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक. नोकरी गेल्यावर नवी नोकरी किंवा दुसरी सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ची मुदत आधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. म्हणून मुलाखतीत न लाजता विचारावे: “बँकेत आहेत ते पैसे किती महिने पुरतील?” त्यांच्या भाषेत याला ‘रनवे’ म्हणतात. विमान उडायच्या आधी धावपट्टी संपली तर काय होते, हे सांगायला नको. नीट चाललेली कंपनी या प्रश्नावर रागावत नाही.

मित्राने पैसे मागितले असतील तर

आता डबे. हा पहिल्या घरातला स्टार्टअप, म्हणजे साधा, सरळ, मानाचा धंदा. त्याला कमी लेखायचे कारण नाही. अमेरिकन श्रम खात्याच्या आकडेवारीत वर्षानुवर्षे साधारण एकच चित्र दिसते: नव्या धंद्यांपैकी पाचातला एक पहिल्या वर्षात बंद होतो, आणि पाच वर्षांनी जवळजवळ निम्मेच उरतात. म्हणजे निम्मे उरतात हेही खरे आणि निम्मे जातात हेही.

पण इथे “शंभर पट होतील” हे गणित लागू नाही. डब्यांचा धंदा चांगला चालला तर घर चालवेल, दोन माणसांना काम देईल, कर्ज फेडेल. तो हॉटमेल होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. म्हणून इथे प्रश्न साधे: महिन्याला किती डबे, डब्यामागे सुटतात किती, स्वयंपाक कुठे होणार? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. घरच्या ओट्यावर शिजवलेले जेवण विकायला बहुतेक राज्यांत परवानगी नसते. परवाना असलेले स्वयंपाकघर भाड्याने घ्यावे लागते, आरोग्य खात्याची तपासणी असते, आणि कोणाला बाधा झाली तर उपयोगी पडेल असा विमाही हवा. हे सर्व हिशेबात आहे का ते पाहावे.

मग पंचवीस हजार द्यायचे ते कोणत्या नावाने? तीन नावे आहेत: भेट, कर्ज आणि भागीदारी. आपल्याकडे मैत्रीत हे तीन शब्द उच्चारायला संकोच वाटतो. “घे रे, नंतर बघू” म्हणून पैसे जातात, आणि नंतर एकाला ते कर्ज वाटते, दुसऱ्याला मदत. चहापाणी बंद होते ते इथून.

कर्ज असेल तर रक्कम, मुदत आणि व्याज लिहून दोघांनी सही करावी. १०,००० डॉलरच्या वरच्या कर्जाला किमान व्याजाचे नियम लागू होऊ शकतात, ते आपल्या सीपीएला विचारावेत. कागद असेल आणि कर्ज खरोखर बुडाले, तर करात निदान भांडवली तोटा दाखवता येतो. अन्य भांडवली नफा नसेल तर तो वर्षाला ३,००० डॉलरपर्यंतच वजा होतो, बाकीचा पुढच्या वर्षांत. कागद नसेल तर ती भेट होती असे सरकार म्हणू शकते.

भागीदारी असेल तर धंदा एलएलसी आहे की कॉर्पोरेशन ते विचारावे. लहान कॉर्पोरेशनचे शेअर तुम्ही थेट तिच्याकडून विकत घेतले आणि अटी पुऱ्या झाल्या, तर बुडाल्यावर कलम १२४४ प्रमाणे एकट्याला ५०,००० आणि जोडप्याला १,००,००० डॉलरपर्यंतचा तोटा त्या वर्षीच्या पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो. उलट नफ्यावर मोठी सूट देणाऱ्या कलम १२०२ मध्ये हॉटेल-उपाहारगृहे, डॉक्टरी, वकिली आणि आम्हा हिशेबनिसांचे धंदे बसत नाहीत. बसणाऱ्या कंपनीचे ४ जुलै २०२५ नंतर निघालेले शेअर असतील, तर ३ वर्षांनी नफ्याच्या ५० टक्के, ४ वर्षांनी ७५ टक्के आणि ५ वर्षांनी १०० टक्के भाग मर्यादेत करमुक्त होतो. पाहा, सरकारलाही सगळे नवे धंदे एक वाटत नाहीत!

समजा मित्राची कंपनी सॉफ्टवेअरची असती, तर त्याने बहुधा ‘सेफ’ नावाचा कागद पुढे केला असता. २०१३ मध्ये वाय कॉम्बिनेटर या संस्थेने हा करार तयार केला. नाव सेफ, पण त्यात तिजोरीचा काही संबंध नाही. आज पैसे द्यायचे, आणि पुढच्या गुंतवणुकीच्या वेळी त्याचे शेअर मिळतील. मधल्या काळात व्याज नाही, परतफेडीची तारीख नाही. अशा खासगी गुंतवणुकी बहुधा ‘अॅक्रेडिटेड’ गुंतवणूकदारांकडूनच घेतल्या जातात. म्हणजे गेली दोन वर्षे एकट्याचे उत्पन्न २ लाख किंवा जोडप्याचे ३ लाख डॉलरच्या वर, किंवा राहते घर सोडून १० लाखांच्या वर मालमत्ता. ही अट तुमच्या शहाणपणाची परीक्षा नाही. पैसे बुडाले तर तुमची चूल पेटती राहील का, एवढेच ती पाहते. अट पुरी होवो न होवो, हाच प्रश्न स्वतःला विचारावा. मुलांच्या कॉलेजचे, घराच्या हप्त्याचे आणि अडीअडचणीचे पैसे इथे लावू नयेत.

आणि एच-१बीवरच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे: मित्राच्या धंद्यात पैसे घालून स्वस्थ बसणे ही एक गोष्ट, आणि शनिवार-रविवारी काउंटरवर उभे राहणे ही दुसरी. बिनपगारी “मदत” सुद्धा काम ठरू शकते. तिथे वकिलाला विचारल्याशिवाय पोळी लाटायलाही जाऊ नये.

वहिनींच्या घरी काय झाले

पुढे गुढीपाडव्याला वहिनी भेटल्या. मुलाने कंपनीला प्रश्न विचारले होते: एकूण शेअर किती, रांगेत पुढे किती पैसे, धावपट्टी किती महिन्यांची, ऑप्शन विकत घ्यायला मुदत किती, विमा कोणाचा? चार उत्तरे मिळाली, पाचवे मिळाले नाही. तो २५ वर्षांचा आहे, म्हणून एक वर्ष आईवडिलांच्या विम्यावर राहून पुढे पाहायचे असे ठरवून तो गेला. ऑप्शनची किंमत घरात शून्य धरायची, आणि उरलेल्या पगारात भागते का तेवढेच पाहायचे, असेही ठरले. भागते आहे.

मित्राला पंचवीसऐवजी दहा हजार दिले, तीन वर्षांच्या कर्जाच्या कागदावर, दोघांच्या सहीने. कागद पुढे केल्यावर मित्राचा चेहरा क्षणभर उतरला, असे वहिनी म्हणाल्या. मग त्यानेच पेन मागितले. दोन्ही घरांचे येणे-जाणे अजून चालू आहे, आणि मंगळवारचा डबा ते त्यांच्याकडूनच घेतात, पैसे देऊन.

दोन्ही निर्णय बरोबर होते की चूक, हे तीन-चार वर्षांनी कळेल. पण आपण कशाला हो म्हटले, हे त्या घरात आज सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कोणी “आमचं स्टार्टअप आहे” असे म्हणाले, तर कौतुक जरूर करा, पेढाही घ्या. आणि मग हळूच विचारा, “सायकलचे दुकान की लोखंडी नांगर?”

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कराचे, व्हिसाचे आणि विम्याचे नियम बदलतात आणि राज्याराज्यांत वेगळे असतात. सही करण्याआधी आपला सीपीए आणि वकील यांना कागद दाखवावा. ऑप्शनचा कागद हाती आलेला असेल आणि नुसता समजून घ्यायचा असेल, तर पुढच्या कार्यक्रमात मी चहाच्या थर्मासपाशी असेनच.